डावा कान

"दर साली चार खुर्च्या असत्यात. यंदा सहा मांडू," असं म्हणून सरपंच आप्पासाहेबांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "पाचवी रामहरीरावांची आन् सहावी वहिनींची. जोडीनं बसा स्टेजवर."

द्वारका आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सहावी खुर्ची ऐकल्याबरोबर तिचा हात आपोआप पदराकडे गेला, आणि अंजिरी लुगडं इस्त्रीला टाकावं लागेल, हेही तेवढ्यात मनाशी ठरून गेलं.

रामहरीपुढं चहाऐवजी पाण्याचा तांब्या होता. फौजेत सात वर्षं काढलेला हा माणूस चहाला शिवत नसे. सोयरेधायरे चेष्टा करायचे, पण तो कपाला हात जोडून तांब्या पुढं ओढायचा. आताही त्यानं तांब्या नुसता जागचा हलवला.

"मला डूटी हाय, आप्पा."

"अवो, विजयसिंहाची पंचविसावी पुण्यतिथी हाय! तालुक्यावरनं सायब यायचंत. गुरुजी दर साली त्यो बंकरवर चालून गेल्याची गोष्ट सांगत्यात, पर त्यांनी काय बघितलंय? तुमी दोघं एका ठिकाणी व्हता. डोळ्यांनी बघितलेलं सांगा की पोरांला."

"कालेजच्या गेटवर दुसरा माणूस न्हाय," रामहरी म्हणाला.

ही थाप होती, आणि ती द्वारकाला ठाऊक होती. बारामतीच्या कॉलेजात रामहरी वॉचमन होता, आणि दर वर्षी विजयसिंहाच्या पुण्यतिथीला तो स्वतः मागून डबल ड्युटी घ्यायचा.

लासुर्ण्याजवळच्या त्यांच्या वाडीतून दोन तरुण एकाच महिन्यात भरती झाले होते, रामहरी आणि विजयसिंह. कारगिलच्या वेळी दोघं एकाच डोंगरावर होते. लढाई संपल्यावर एकाचं नाव वाडीच्या कमानीवर चढलं. दुसरा पत्र्याची ट्रंक घेऊन भिगवणला रेल्वेतून उतरला आणि पुढं एसटीनं घरी आला. कमानीवर गेला त्याच्या नावाचा चौक झाला, शाळेच्या दारात अर्धपुतळा बसला, मैदानालाही त्याचंच नाव लागलं. एसटीनं आला त्याला लोकांनी दोनचार महिने लढाईबद्दल विचारलं. तो काही बोलेना, तेव्हा त्यांनी विचारायचंही सोडलं.

आणि द्वारका सुकन्येवर जळायची. सुकन्या म्हणजे विजयसिंहाची बायको. देवापुढंसुद्धा द्वारकानं हे कबूल केलं नसतं, पण खरं ते खरं. सवाष्णीनं विधवेवर जळावं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, हे तिला पुरतं कळत होतं. पण कळलं म्हणून पोटातली आग थोडीच विझते?

ती अंगणवाडीत मदतनीस होती. त्यामुळं कार्यक्रमाच्या दिवशी मांडववाल्याच्या मखमली खुर्च्या फडक्यानं पुसायचं काम तिचं, आणि शाल-नारळाचं ताट धरून उभं राहायचं कामही तिचंच. चार खुर्च्यांपैकी मधल्या एका खुर्चीवर सुकन्या बसायची. साहेब उठून तिला हात जोडायचे. 'वीरपत्नी' असं माइकवर पुकारलं की पोरं टाळ्यांचा कडकडाट करायची. द्वारकाला कुणी काय म्हणून पुकारणार? वॉचमनची बायको म्हणून का कुठं टाळ्या पडतात?

एकच गोष्ट तिच्या बाजूची होती. स्टेजवरच्या बायकांना ती हळदीकुंकू लावत जायची, आणि सुकन्येपाशी आली की करंडा बाजूला घेऊन नुसती शाल पुढं करायची. तेवढ्यापुरती ती सुकन्येच्या वरचढ असायची. तो क्षण तिला वर्षभर पुरायचा, आणि त्याची लाजही वर्षभर पुरायची.

आप्पासाहेब "बघा बाबा, इचार करा," म्हणत गेले. मग द्वारका नवऱ्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली.

याला कारण होतं. रामहरीचा डावा कान लढाईत गेलेला होता, आणि संसारात द्वारकानं त्या कानाचा फार चांगला उपयोग करून घेतला होता. जे बोलल्यावाचून राहवत नाही पण ऐकवायचंही नाही, ते ती डाव्या बाजूला बसून बोलायची. सासूच्या हयातीत तर तो कान भलताच कामाला आला. आज मात्र ऐकवायचंच होतं.

"का न्हाय म्हणलात?"

"डूटी..."

"डूटी गेली खड्ड्यात! पंचवीस वर्सं दुसऱ्यांच्या खुर्च्या पुसल्या म्या. एक दिस बसले असते, तर काय झिजणार व्हती का खुर्ची? लोक काय म्हणत्यात, ठावं हाय तुमाला? पळून आला म्हणत्यात. दगडामागं लपून बसला म्हणत्यात."

"म्हणू दे."

"तुमचं ठीक हाय, तुमाला एकाच कानानं ऐकू येतं. मी दोन्ही कानांनी ऐकते!" द्वारकाचा आवाज फाटला. "सांगा की काय झालं ते. न्हाय त्या आप्पाला, मला तरी सांगा. बायको हाय मी तुमची."

रामहरीनं तांब्या बाजूला सारला. मग जे पंचवीस वर्षांत बोलला नव्हता ते त्यानं दहा-बारा वाक्यांत सांगून टाकलं.

"चढाईच्या आदल्या दिशी गेला त्यो. आमी पाच जण व्हतो दगडाच्या आडोशाला. चहाची पाळी लावलेली असायची. त्या दुपारी माझी पाळी व्हती. माझं पाय बुटात सुजून टम्म झालं व्हतं. इज्या म्हणला, तू बस, तुझा चहा म्हंजी गरम पाणी असतंय. गेला खडकाच्या पल्याड. स्टोव्ह पेटवला, बर्फ टाकलं पातेल्यात. वास आला बग चहाचा, लई भारी. मंग तिकडनं वरडला, रामा, साखर किती घालू?"

"मंग?"

"मी सांगाया तोंड उघडलं, तवर गोळा आला." त्यानं डाव्या कानाला हात लावला. "ह्या कानानं शेवटचं ऐकलं ते तेवढंच. साखर किती घालू."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"माझी पाळी व्हती, द्वारके. आन् हे काय स्टेजवर सांगू? ती बाई समोर बसल्याली असताना? गुरुजी बंकर म्हणत्यात न्हवं, मंग बंकर असू दे."

द्वारकाच्या डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही. हा माणूस चहाला का शिवत नाही, तेही तिला त्याच क्षणी उमगलं. पण भाकरी थापायला बसली तेव्हा तिच्या मनात वेगळंच काही फिरायला लागलं होतं. म्हणजे बंकर नव्हताच. त्या शाली, ती कमान, ती मधली खुर्ची, सगळं एका पातेलंभर चहावर उभं होतं. आणि आपला माणूस पंचवीस वर्षं स्वतःची बदनामी सोसून ते पडू देत नव्हता. कुणासाठी? तर तिच्यासाठी. सुकन्येसाठी! तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

पुण्यतिथीच्या सकाळी सातच्या गाडीनं रामहरी बारामतीला गेला. नऊ वाजता द्वारकाला सांगावा आला, की सुकन्यावहिनींना घेऊन या. अंजिरी लुगडं नेसूनच ती निघाली.

सुकन्या पलंगाच्या कडेला बसली होती. साडी नेसून झाली होती, पण निघायची काही चिन्हं नव्हती. तिच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा विजयसिंह गेला. लेक श्रेया पोटात होती. ती आता पुण्याला नोकरीला होती आणि घरात सुकन्या एकटीच होती. कपाटाचं दार उघडंच होतं, आणि आत घडी न मोडलेल्या शालींची चळत वरच्या फळीला भिडली होती. द्वारकाचे डोळे आधी तिकडंच गेले.

"बसा आक्का. भावजी येत्यात म्हणं यंदा?"

"न्हाय. डूटी हाय त्यांना."

"दर सालीच डूटी असती त्यांना," सुकन्या म्हणाली. मग पदर सारखा करत म्हणाली, "मला बी नको वाटतंय बगा जायला. गुरुजी बोलत्यात ते माझ्या नवऱ्याबद्दल बोलत्यात, असं वाटतच न्हाय. डोळं मिटलं की पुतळ्याचंच तोंड दिसतं. घरचा माणूस दिसतच न्हाय. त्यापरीस हितंच बसून ऱ्हावं वाटतं."

एरवी कुणीही हे ऐकलं असतं तर त्याला गलबलून आलं असतं. पण द्वारका रात्रभर धुमसत होती. तिला यातलं दुःख ऐकूच आलं नाही. तिला दिसली ती पक्वान्नाच्या ताटावर बसून तोंड वाकडं करणारी बाई. आम्हाला एक दिवसाची सहावी खुर्ची मिळेना, आणि हिला मधली बोचते!

"बंकर-फिंकर कायबी न्हवतं," ती बोलून गेली.

"काय म्हणलात?"

आता थांबायला हवं होतं. समोर रामहरीचा डावा कान नव्हता, चांगले धडधाकट दोन कान होते. पण गाडी उताराला लागली होती.

"चढाई बी न्हवती झाली तवर. चहा टाकत व्हते ते. खडकाआड बसून चहा टाकत व्हते. आमच्या ह्यांना इचारलं, रामा, साखर किती घालू, आन् गोळा आला. संपलं. आमच्या ह्यांनी सांगितलं मला, काल."

बोलून झालं आणि द्वारका भानावर आली. हे काय करून बसलो आपण? ही बाई आता छाती पिटेल, वाडी गोळा होईल, नवरा तोंड बघणार नाही आपलं. तिनं दाराकडं पाहिलं.

सुकन्या उठली नाही. ती खाली बघत होती. तिचे ओठ हलत होते.

"साखर किती घालू," ती हलकेच म्हणाली. "असंच म्हणले?"

"व्हय."

"वरडून म्हणले असतील."

"व्हय. ह्ये म्हणले, वरडला म्हणून."

आणि सुकन्या हसली. आधी नुसती नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तरी हसतच राहिली.

"आक्का, लगीन होऊन आले ना, तर पयल्या सकाळी मला उठू दिलं न्हाय त्यांनी. स्वतः चहा टाकला. आन् चुलीपासनं सगळ्या घराला ऐकू जाईल असं वरडले, अगं, साखर किती घालू? सासूबाईंनी आठ दिस बोलणं टाकलं व्हतं माझ्याशी!" तिनं डोळे पुसले. "स्वतःला तीन चमचं साखर लागायची त्यांना. तीन! दुसऱ्याला कधी टाकू द्यायचे न्हाईत. कुणाच्या घरी गेले तरी उठून चुलीपाशी जायचे. मेव्हणे चिडवायचे, हाटेल काढा म्हणून."

"आमचे ह्ये म्हणत्यात, त्या दिशी पाळी त्यांची व्हती," द्वारका कशीबशी म्हणाली. "म्हणून तोंड दावत न्हाईत तुमाला. चहा बी सोडलाय तवापासनं."

"पाळी?" सुकन्येनं मान हलवली. "कुणाचीबी पाळी असती, तरी त्यांनीच टाकला असता. सांगा भावजींना, मी सांगितलंय म्हणून." मग तिनं द्वारकाचा हात दोन्ही हातांत धरला. "पंचवीस वर्सं कुठं ठेवला व्हता वो माझा नवरा?"

द्वारकानं हात सोडवून घेतला नाही, पण आतून ती पार रिकामी झाली होती. दुखवायला म्हणून दगड मारावा आणि समोरच्यानं तो प्रसाद म्हणून डोक्याला लावावा, असं तिचं झालं होतं. उभ्या आयुष्यात सुकन्येच्या विरोधात हाती लागलेली एकमेव गोष्ट तिनं वापरली, आणि त्यातूनही सुकन्येचंच भलं झालं!

शाळेच्या मैदानात गुरुजींचा आवाज तापला होता. दर वर्षीप्रमाणे ते इंदापूरच्या लढाईत पडलेल्या मालोजीराजांपासून निघाले, पावनखिंडीत बाजीप्रभूंपाशी थांबले, सिंहगडाचा कडा तानाजींबरोबर चढले आणि तिथून थेट विजयसिंहाच्या डोंगरावर आले. पुठ्ठ्याच्या ढाली घेतलेले दुसरीतले मावळे उन्हात ताटकळले होते. पहिल्या वर्षी विजयसिंहानं शत्रूचे तिघे लोळवले होते. गेल्या वर्षी ते अकरा होते. यंदा पंचविसाव्या पुण्यतिथीच्या मानानं चौदा झाले.

स्टेजवर सहाही खुर्च्या मांडलेल्या होत्या. शेवटच्या दोन रिकाम्या होत्या. द्वारका ताट घेऊन कडेला उभी राहिली, तेवढ्यात सुकन्येनं तिला खुणेनं बोलावलं, स्वतः पाचव्या खुर्चीवर सरकली आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

बसली द्वारका. ज्या मखमलीवरून पंचवीस वर्षं फडकं फिरवलं, तिच्यावर ती ताट मांडीवर घेऊन बसली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. कर्ण्यांची तोंडं मैदानाकडं, त्यामुळं स्टेजवर भाषणाचा नुसता गलका ऐकू येत होता, आणि ऊन बरोबर डोळ्यांवर येत होतं. समोर सतरंजीवर वाडीतल्या बायका बसल्या होत्या. त्या तिच्याकडं बघत होत्या, आणि त्यांची ती नजर द्वारकानं लगेच ओळखली. तिची स्वतःचीच होती ती.

"...आणि शेवटचा श्वास घेताना त्या वाघाच्या मुखातून शब्द निघाले!" गुरुजी गरजले. पुढचं टाळ्यांत बुडालं.

सुकन्या हसत होती. साहेबांनी चमकून तिच्याकडं पाहिलं, आप्पासाहेबांनी मान खाली घातली. बिचारीच्या मनावर परिणाम झाला, असं त्यांना वाटलं असणार. शेवटचे शब्द काय होते, ते त्या अख्ख्या मैदानात दोनच बायकांना माहीत होतं.

संध्याकाळी रामहरी आला. टोपी खुंटीला अडकवली, शिट्टी खिशातून काढून फळीवर ठेवली. द्वारका त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. खोटं बोलायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

"म्या सांगितलं सुकन्येला."

रामहरीचा हात फळीवरच राहिला. "समदं?"

"समदं."

"रडली?"

"हसली." आणि मग द्वारकानं सगळं सांगितलं, पहिल्या सकाळचा चहा, आठ दिवस रुसलेली सासू, तीन चमचे. "आन् म्हणली, भावजींना सांगा, कुणाचीबी पाळी असती तरी त्यांनीच टाकला असता."

रामहरी मोरीत गेला. तोंड धुवायला किती पाणी लागतं माणसाला? अर्धी बादली सांडल्याचा आवाज द्वारकानं ऐकला. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि पंचा खांद्यावर कोरडाच होता.

"चहा टाक," तो म्हणाला.

"कुणी येतंय का?"

"मला."

द्वारकानं गॅसवर पातेलं चढवलं. आलं ठेचलं, पावडर टाकली. रामहरी पाट ओढून तिच्याजवळ बसला आणि उकळीकडं बघत राहिला. त्याची डावी बाजू तिच्याकडं होती.

तिला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पण वाटेना. उलट पोटात तीच जुनी जळजळ उठली, आणि या वेळी ती सुकन्येसाठी नव्हती. या माणसानं मेलेल्या दोस्तासाठी पंचवीस वर्षं चहा सोडला. रोज सकाळ-संध्याकाळ, न चुकता, कुणाला काही न सांगता. आणि तिच्यासाठी? तिनं तीन वेळा शपथ घातली, तरी साधी तंबाखूसुद्धा सुटली नव्हती. इतकी माया या माणसात होती, तर ती आपल्या वाट्याला का आली नाही? त्या मेलेल्या माणसावर ती आज जशी जळली, तशी त्याच्या बायकोवर कधी जळली नव्हती.

ती किंचित वाकली आणि त्याच्या डाव्या कानाशी अगदी हळू म्हणाली, "आन् मी मेले, तर काय सोडाल माझ्यापायी?"

रामहरीनं मान वळवली. ओठ हललेले त्याला दिसले होते. "काय म्हणलीस?"

"काय न्हाय," द्वारका गडबडीनं बरणी उघडत म्हणाली. "साखर किती घालू, म्हणलं."

तोंडातून गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. चमचा बरणीतच राहिला. रामहरी तिच्याकडं बघतच राहिला. पातेल्यात चहा वर आला, तेव्हा तिनं न बघताच गॅस बारीक केला.

"तीन घाल," रामहरी म्हणाला.

द्वारकानं मोजून तीन चमचे घातले.